डेव्हिड लीन : दिग्दर्शकाच्या खुर्चीतला एडिटर

डेव्हिड लीन म्हटलं की वाळवंट, बर्फ, उसळता समुद्र आणि त्यात मुंगीएवढा दिसणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. 'भव्यतेचा दिग्दर्शक' हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला आहे. शिक्का खोटा नाही, पण त्याच्या कामाबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. उंटांचे तांडे आणि सत्तर एमएमचा पडदा त्या काळात बऱ्याच जणांनी वापरला, आणि त्यातले बहुतेक सिनेमे आज अर्धा तासही बघवत नाहीत. लीनचे बघवतात. कारण तो मुळात एडिटर होता आणि दिग्दर्शक झाल्यावरही एडिटरच राहिला. कॅमेरा कुठे लावायचा याआधी हा शॉट पुढच्या शॉटला कुठे जोडायचा, हे त्याचं ठरलेलं असायचं.

जन्म २५ मार्च १९०८, लंडनजवळच्या क्रॉयडनचा. घर ख्रिस्ती क्वेकर पंथाचं, वळण कडक, मुलांना सिनेमा बघायला बंदी. वडील अकाउंटंट, पोरालाही काही काळ त्याच ऑफिसात बसवून पाहिलं, पण आकडेमोडीत त्याचं मन रमेना. १९२७ साली तो गोमाँ कंपनीच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत शिरला, पहिला महिना बिनपगारी. चहा आणणं, क्लॅपर धरणं, निरोप पोचवणं अशी वरकड कामं करत करत तो एडिटिंगच्या खोलीत पोचला आणि १९३० पर्यंत न्यूजरील, म्हणजे थिएटरात दाखवायच्या बातम्यांच्या फिल्मा, कापायला लागला.

ही न्यूजरीलची शाळा फार महत्त्वाची. ब्रिटनमध्ये न्यूजरील आठवड्यातून दोनदा थिएटरात जायची. फिल्म दुसऱ्याने काढलेली, रीटेक मागायची सोय नाही, वेळ तासांत मोजायचा. हाताशी आहे त्यातूनच गोष्ट उभी करायची. बोलपट तेव्हा नुकताच आलेला. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी, दोन्ही जुळवून कापायला येणारी माणसं मोजकीच. लीनला ते जमलं आणि त्याचा भाव वाढला.

तेव्हाचं कापणं म्हणजे काय, हेही जरा बघू. ३५ एमएम रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मिनिटाला ९० फूट पळतात. दोन तुकडे जोडायचे तर एका तुकड्याच्या टोकावरचा रासायनिक थर खरवडायचा, सिमेंट लावायचं आणि दुसरा तुकडा त्यावर दाबून चिकटवायचा. हा जोड पुन्हा उघडला की दोन्ही बाजूंची एकेक फ्रेम वाया जायची, आणि आवाजाशी मेळ सुटू नये म्हणून तिथे काळी फिल्म भरावी लागायची. म्हणजे प्रत्येक फेरविचाराची किंमत फ्रेममध्ये मोजायची. आज माऊसने दहा वेळा कट सरकवता येतो; तेव्हा जोड कुठे पडणार हे हात लावायच्या आधी डोक्यात पक्कं असावं लागे. लीनची निर्णयाची सवय तिथली.

तिशीच्या दशकाच्या अखेरीस तो ब्रिटनमधल्या सर्वांत नावाजलेल्या एडिटरांपैकी एक होता. 'पिग्मॅलियन' (१९३८) आणि 'फॉर्टी-नाइन्थ पॅरेलल' (१९४१) त्याने कापले. मधल्या काळात दिग्दर्शनाचे प्रस्ताव आले, ते त्याने नाकारले. १९२७ च्या कायद्याने थिएटरांना ठराविक प्रमाणात ब्रिटिश सिनेमे दाखवणं बंधनकारक केलं होतं, आणि तो कोटा भरायला स्वस्तात उरकलेले सिनेमे धडाधड निघत होते. असा एखादा अंगावर पडला की तेच नाव चिकटणार, हे त्याने ओळखलं होतं. पुढे नाटककार-नट नोएल कॉवर्डला युद्धपट काढायचा होता. लिहिणं, अभिनय, संगीत सगळं कॉवर्डचं, पण कॅमेऱ्याचं तंत्र जाणणारा माणूस हवा होता. लीनने अट घातली की नाव सहदिग्दर्शक म्हणूनच लागेल. 'इन विच वी सर्व्ह' (१९४२) आला. सेटवरच्या रोजच्या मांडामांडीला कॉवर्ड लवकरच कंटाळला आणि कारभार लीनच्या हाती आला.

मग रोनाल्ड नीम आणि अँथनी हॅवलॉक-अॅलन यांच्याबरोबर त्याने सिनेगिल्ड ही कंपनी काढली. कॉवर्डच्या लेखनावरचे आणखी तीन सिनेमे झाले. त्यांतला 'ब्रीफ एन्काउंटर' (१९४५) मला लीनचा सर्वांत नेटका सिनेमा वाटतो, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' धरूनसुद्धा. दोन विवाहित माणसं रेल्वे स्टेशनवर भेटतात, प्रेमात पडतात, वेगळी होतात. संपली गोष्ट. स्टेशनची दृश्यं लँकेशायरमधल्या कार्नफर्थला रात्री काढली. युद्ध चालू होतं आणि इतक्या उत्तरेला हवाई हल्ल्याचा धोका कमी असल्याने दिवे लावता येत होते. चहाची रिफ्रेशमेंट रूम मात्र डेनम स्टुडिओतला सेट.

या सिनेमाची रचना एडिटरच करू जाणे. सुरुवातीलाच त्या दोघांचा निरोप दिसतो, पण तो निरोप आहे हे आपल्याला माहीत नसतं. एक बडबडी ओळखीची बाई येऊन टेबलाशी बसते, पुरुष उठतो, नायिकेच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. आपलं लक्ष त्या बडबडीकडे. सगळी गोष्ट सांगून झाल्यावर तोच प्रसंग पुन्हा येतो. या वेळी कॅमेरा नायिकेच्या बाजूला आहे आणि त्या हाताचं वजन आपल्याला कळतं. बडबड चालूच असते, पण आता ती ऐकू येत असूनही ऐकू येत नाही, कारण मागचे दिवे हळूहळू उतरवून फक्त नायिकेचा, सिलिया जॉन्सनचा, चेहरा उजेडात ठेवला आहे. मग कॅमेरा तिरका होत जातो, ती फलाटाच्या कडेशी धावते आणि धडधडत जाणाऱ्या एक्स्प्रेसच्या खिडक्यांचा उजेड तिच्या तोंडावर सपासप पडतो. गाडी दाखवायची गरजच उरत नाही.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९४६) ची सुरुवात आजही एडिटिंग शिकवताना दाखवली जाते. कबरस्तान, वारा, करकरणारी झाडं, एकटा पोरगा. तो घाबरून पळतो, कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो आणि त्याच शॉटमध्ये तो कैद्याच्या अंगावर आदळतो. गंमत अशी की दचका कटमधून येत नाही, शॉटच्या आत येतो. कट येतो तो त्यानंतर लगेच, कैद्याचा चेहरा नीट दिसायच्या आत. सेकंदभरही तो चेहरा ठेवला असता तर आपण त्याला निरखायला लागलो असतो आणि भीती ओसरली असती. 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) मध्ये नॅन्सीचा खून दाखवलाच नाही. खोलीतून बाहेर पडायला दार ओरबाडणारा खुनी बिल साइक्सचा कुत्रा दिसतो, बस्स. याच सिनेमात अॅलेक गिनेसने केलेल्या फेगिन या ज्यू चोराचं लांब नाक ज्यूंची विटंबना म्हणून वादात सापडलं. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत लागला नाही आणि लागला तो काटछाट होऊन. तक्रारीत तथ्य होतं. युद्ध संपून तीन वर्षंही झाली नसताना तो मेकअप तसाच ठेवणं हा निबरपणाच.

'द पॅशनेट फ्रेंड्स' आणि 'मॅडलिन' यांत तंत्र चोख, जीव कमी. 'हॉब्सन्स चॉइस' (१९५४) ला बर्लिनचं गोल्डन बेअर मिळालं. चार्ल्स लॉटनसाठी तो जरूर बघावा. खरा वळणाचा सिनेमा 'समरटाइम' (१९५५). सगळा व्हेनिसमध्ये, खऱ्या जागी. स्टुडिओच्या भिंती सुटल्या त्या इथे, आणि लीन पुन्हा त्या चौकटीत परतला नाही. हिशेबच बघा ना : १९४२ ते १९५५ या तेरा वर्षांत ११ सिनेमे, आणि पुढच्या २९ वर्षांत फक्त ५.

त्या पाचांतला पहिला 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७). युद्धकैद्यांनी शत्रूसाठी बांधलेल्या रेल्वे पुलाची गोष्ट थायलंडमधली, पण शूटिंग सिलोनमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) कितुलगलाला. लाकडी पूल खरा बांधला, आगगाडी खरी आणली आणि दोन्ही एकदाच उडवायचे होते. इथे काय बिघडलं ते सांगण्यासारखं आहे. स्फोटाच्या वेळी निरनिराळ्या जागी कॅमेरे लावले होते. प्रत्येक कॅमेरामनने आपला कॅमेरा चालू करायचा, आडोशाला जायचं आणि तिथला खटका दाबायचा. तो दाबला की मुख्य ठिकाणी त्याचा दिवा लागणार. सगळे दिवे लागल्याशिवाय स्फोट नाही. पहिल्या प्रयत्नात ड्रायव्हर इंजिन चालू करून ठरल्याप्रमाणे उडी टाकून उतरला, गाडी पुलावर आली, पण एक दिवा लागला नव्हता. एक कॅमेरामन खटका दाबायला विसरला होता. तो सुरक्षित आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून स्फोट रोखला. गाडी सरळ पूल ओलांडून पलीकडे गेली आणि रुळांवरून घसरली. ती पुन्हा रुळांवर चढवून मागे आणून मग पूल उडवला. दिव्यांची ही पद्धत कुचकामी होती असं वाटेल, पण उलट आहे : ती ठरल्याप्रमाणे चालली म्हणून शंका असताना स्फोट झाला नाही. पडद्यावर मात्र तो स्फोट थरारक वाटतो तो आधीच्या दहा मिनिटांमुळे. नदीचं पाणी रात्रीत उतरलेलं, स्फोटकांची वायर उघडी पडलेली, गाडीची शिट्टी लांबून येणारी, आणि या तीन गोष्टींमध्ये कट आखूड होत जाणारे.

सात ऑस्कर मिळाले. पटकथेचं ऑस्कर मूळ कादंबरीकार पिएर बूलच्या नावावर गेलं. खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन हे साम्यवादी असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्याने त्यांची नावं लावता येत नव्हती. त्यांना ते ऑस्कर मिळालं १९८४ साली, दोघंही गेल्यावर.

यानंतर लीन गांधीजींवर सिनेमा काढायच्या तयारीत होता. एमरिक प्रेसबर्गर लिहिणार होता, भारतात जागाही पाहून झाल्या. ते बारगळलं आणि त्याने पहिल्या महायुद्धात अरबांबरोबर लढलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यावरचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हाती घेतला.

शूटिंग मे १९६१ मध्ये जॉर्डनला सुरू झालं. ६५ एमएम निगेटिव्ह, सुपर पॅनाव्हिजन ७० ही रुंद पडद्याची पद्धत. प्रिंट ७० एमएमची, कारण वरचे पाच एमएम चुंबकीय आवाजाच्या पट्ट्यांसाठी. ही फिल्म मिनिटाला ११२.५ फूट धावते, म्हणजे हजार फुटांचं रीळ नऊ मिनिटांच्या आत संपतं. कॅमेऱ्यावर छत्री आणि ओली फडकी घालून तो थंड ठेवावा लागे. तरीही उष्णतेने निगेटिव्हला इजा झालीच. २०१२ च्या डिजिटल आवृत्तीसाठी ती स्कॅन केली तेव्हा वाळवंटात तापून पडलेल्या बारीक भेगा एकेक करून बुजवाव्या लागल्या. दुसरा शत्रू पाऊलठसे. कोरी वाळू एकदाच मिळते. उंट एकदा चालून गेला की रीटेकसाठी ठसे झाडून काढा, नाहीतर कॅमेरा उचलून दुसऱ्या वाळूकडे वळवा.

ओमर शरीफच्या प्रवेशाचा शॉट सगळ्यांना आठवतो. क्षितिजावर थरथरता काळा ठिपका, त्याचा उंटस्वार होतो. कॅमेरामन फ्रेडी यंगने त्यासाठी पॅनाव्हिजनकडून ४८२ एमएमची लेन्स आणली होती. इतक्या लांब लेन्सने दोन गोष्टी होतात. तापलेल्या हवेचे थर मोठे होऊन दिसतात, त्यामुळे माणूस पाण्यात तरंगल्यासारखा हलतो. आणि अंतर दाबलं जातं, त्यामुळे तो येतोय येतोय तरी जवळ येत नाही. साध्या लेन्सने हेच काढलं तर ठिपका दिसणारच नाही आणि दिसेल तेव्हा तो आलेलाच असेल. पण नुसत्या लेन्सने भागत नाही. एवढ्या रुंद पडद्यावर प्रेक्षकाने बघायचं कुठे? कलादिग्दर्शक जॉन बॉक्सने वाळूत उंटांच्या वाटेची फिकट पांढरी रेघ ओढून घेतली, डोळा आपोआप त्या टोकाला जाईल अशी. जाणवत नाही, पण काम करते. लीनने हा शॉट आधी आणखी लांब ठेवला होता. मग धीर सुटून कापला, आणि त्याची हळहळ त्याला पुढे कायम राहिली.

आता काडीचा कट. लॉरेन्स जळती काडी तोंडापाशी धरून बघतो, फुंकर मारतो, आणि थेट वाळवंटाचं लालसर क्षितिज, सूर्य अजून उगवायचा आहे. पटकथेत इथे डिझॉल्व्ह होता, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटणार. त्या काळी डिझॉल्व्ह लॅबमध्ये करून घ्यावा लागे. तोवर कामाच्या प्रिंटवर दोन तुकडे नुसते जोडायचे आणि वर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची. म्हणून पहिल्यांदा ते मशीनवर पाहिलं तेव्हा एडिटर अॅन कोट्स आणि लीन यांना सरळ कट दिसला. फ्रेंच नव्या लाटेतले असे बेधडक कट कोट्सला आवडायचे, आणि ते सिनेमे तिने लीनला बघायला लावले होते. कट जवळपास बरोबर आहे, अजून थोडं हवं, असं लीनचं म्हणणं. तिने दोन फ्रेम काढल्या. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. अख्ख्या सिनेमाची ओळख झालेला कट असा लॅबच्या रांगेत अर्धवट राहिलेल्या कामातून निघाला, पण तो ओळखायला नजर एडिटरची लागते. बघताना एक गोष्ट ध्यानात घ्या : कटनंतर संगीत लगेच येत नाही. क्षितिज शांतपणे धरून ठेवलं आहे. सूर्याची कड वर येईपर्यंत संगीतकार मोरिस जारचा ऑर्केस्ट्रा वाट बघतो.

आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी एक आगंतुक माहिती : लॉरेन्स ज्याला वाळवंटातून परत जाऊन वाचवतो तो कासिम म्हणजे आपला हिंदी सिनेमातला आय. एस. जोहर.

खर्च आणि आजारपण वाढल्यावर निर्माता सॅम स्पीगलने युनिट स्पेनला हलवलं. अकाबा शहर स्पेनच्या किनाऱ्यावर कार्बोनेरासजवळ उभं केलं, शेवटचा भाग मोरोक्कोत. मधेच पटकथाकार रॉबर्ट बोल्ट अण्वस्त्रविरोधी आंदोलनात तुरुंगात गेला. स्पीगलने त्याला पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्यायला लावून बाहेर काढलं. बोल्टने त्याबद्दल स्वतःला कधी माफ केलं नाही.

'डॉक्टर झिवागो' (१९६५) चं मॉस्को माद्रिदच्या एका उपनगरात बांधलेलं, आणि त्या वर्षी स्पेनमध्ये हिवाळा ऊबदार निघाला. म्हणून बर्फाच्या जागी संगमरवराची भुकटी. बर्फाने गोठलेल्या घराचं आतलं दृश्य मेणाचं : गरम मेण ओतायचं, त्यावर लगेच थंड पाणी मारायचं, की ते थिजून लोंबकळतं. समीक्षकांनी नाकं मुरडली, गल्ला तुफान झाला. मला विचाराल तर सिनेमा सुंदर आहे पण मधला तास सैल आहे.

'रायन्स डॉटर' (१९७०) मध्ये तीच सैल जागा भगदाड झाली. एका खेड्यातली साधी व्यभिचाराची गोष्ट, तिला साडेतीन तासांच्या आसपासचा पसारा. आयर्लंडच्या डिंगल भागात दगडी गाव बांधलं, ऊन मिळेना म्हणून किनाऱ्याची काही दृश्यं दक्षिण आफ्रिकेत जाऊन काढली. वादळाचा प्रसंग मात्र अजोड. त्यासाठी खऱ्या वादळांची महिनोन्‌महिने वाट पाहिली. लेन्सवर पाणी उडालं की शॉट गेला, म्हणून फ्रेडी यंगने जहाजाच्या केबिनला असते तशी गरगर फिरणारी काच कॅमेऱ्यापुढे बसवली. फिरण्याच्या वेगाने थेंब बाहेर फेकले जातात. पण पटकथेतच जी गोष्ट बारीक आहे ती कात्रीने जाड होत नाही. न्यूयॉर्कच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात अमेरिकन समीक्षकांनी लीनला समोर बसवून धुतलं, आणि तो पुढची चौदा वर्षं सिनेमा करू शकला नाही. त्यातली काही वर्षं 'बाउंटी' जहाजाच्या बंडावरच्या दोन भागांच्या सिनेमात गेली. तोही झाला नाही, त्यात बोल्टला पक्षाघाताचा झटका आला.

'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) हा त्याचा शेवटचा. कथेतल्या काल्पनिक चंद्रपूरचा बाजार बंगळुरात उभा केला. मराबारच्या गुहांसाठी सावनदुर्ग आणि रामनगरचे खडक निवडून त्यांत गुहेची तोंडं करून घेतली. हे तेच रामनगर, जिथे 'शोले'चं रामगढ वसलं होतं. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ सगळे उत्तम. हिंदू प्राध्यापक गोडबोलेच्या भूमिकेत इंग्रज अॅलेक गिनेस मात्र खटकतो. त्याचा नाचाचा प्रसंग लीनने कापून टाकला आणि जुना मित्र दुखावला. कापणं योग्यच होतं, मुळात निवडच चुकली होती. या वेळी पटकथा लीनची आणि श्रेयनामावलीत एडिटर म्हणूनही त्याचंच नाव, चाळीसहून अधिक वर्षांनी. दिग्दर्शन, पटकथा आणि एडिटिंग अशी ऑस्करची तीन नामांकनं मिळाली तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. पुढे जोसेफ कॉनरॅडच्या कादंबरीवरच्या 'नॉस्ट्रोमो'ची तयारी शूटिंगच्या तोंडाशी आली असताना १६ एप्रिल १९९१ ला तो गेला.

'लॉरेन्स' बघायचा असेल तर आधी लांबी तपासा. प्रीमियरला तो २२२ मिनिटांचा होता. काही आठवड्यांतच त्यातली सुमारे वीस मिनिटं काढली आणि १९७१ च्या फेरप्रदर्शनाला तो १८७ मिनिटांवर आला. १९८९ साली रॉबर्ट हॅरिसने कापलेले तुकडे शोधून सिनेमा पुन्हा उभा केला. काही प्रसंगांचा आवाज हरवलेला होता, म्हणून पीटर ओटूल, गिनेस, अँथनी क्विन यांनी २७ वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा म्हटले आणि म्हाताऱ्या आवाजांची पट्टी तंत्राने तरुण केली. जॅक हॉकिन्स हयात नव्हता, त्याचा आवाज चार्ल्स ग्रेने दिला. सगळं परत मिळालं तरी लीनने बसून त्यातून पुन्हा थोडं कापलंच. ती आवृत्ती सुरुवातीचं आणि मध्यंतराचं संगीत धरून २२७ मिनिटांच्या आसपास भरते. तीच घ्या. सुरुवातीला काही मिनिटं पडदा काळा राहतो आणि फक्त संगीत वाजतं. फाइल बिघडली समजून पुढे ढकलू नका.